सेलूच्या विद्यार्थ्याला चॅटबॉट काय शिकवील?

मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जालना आणि परतूर मागे पडले की सेलू लागते. परभणी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. भोवताली कापूस आणि सोयाबीनची शेती, तालुक्यातच दुधना नदीवरील निम्न दुधना प्रकल्प आणि शिक्षणाची जुनी परंपरा. दहावीनंतर वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांची तयारी करू इच्छिणाऱ्या मराठवाड्यातील मुलांची वाट साधारणपणे लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरकडे वळते. ‘लातूर पॅटर्न’ने ही वाट रुंद केली. परंतु शिकवणीचे शुल्क, खोलीचे भाडे आणि खानावळीचा डबा हा खर्च प्रत्येक घराला झेपतोच असे नाही. ज्याला तो झेपत नाही, तो विद्यार्थी गावातच राहतो. त्याच्याजवळ पाठ्यपुस्तक असते, शाळेत शिक्षक असतात आणि आता बहुधा घरात एक स्मार्टफोनही असतो. नसतो तो रात्री नऊ वाजता अडलेले गणित समजावून सांगणारा माणूस.

नेमकी ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे चॅटबॉट, म्हणजेच माणसाशी लेखी वा तोंडी संभाषण करणाऱ्या संगणकीय प्रणाली, शिक्षणाच्या क्षेत्रात उतरल्या आहेत. ऑनलाइन अभ्यासक्रम चालविणाऱ्या संस्थांपुढे आता असा चॅटबॉट आपल्या व्यवस्थेत बसवायचा की नाही, एवढाच प्रश्न उरलेला नाही. तो कसा बसवायचा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कारण एकच यंत्र एका पद्धतीने बसविले तर विद्यार्थ्याला विचार करावयास लावू शकते आणि दुसऱ्या पद्धतीने बसविले तर त्याची विचार करण्याची सवयच मोडू शकते. ज्याच्याजवळ दुसरा आधार नाही, त्याच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो.

महाराष्ट्राचा आजवरचा अनुभव

चॅटबॉट ही महाराष्ट्रातील शाळांना सर्वस्वी अनोळखी गोष्ट नाही. करोनाच्या साथीमुळे शाळा बंद असताना, नोव्हेंबर २०२० मध्ये, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ हा उपक्रम सुरू केला. पालकाच्या मोबाईलवरील व्हॉट्सअ‍ॅपवरून ठरावीक क्रमांकावर संदेश पाठवायचा, माध्यम आणि इयत्ता निवडायची आणि दर आठवड्याला येणारे बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे, असे त्याचे स्वरूप होते. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या पहिली ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी तो खुला होता. वेगळे अ‍ॅप उतरवून घेण्याची किंवा नवे काही शिकण्याची गरज नसल्यामुळे खेड्यापाड्यांतील घरांपर्यंत तो पोहोचू शकला.

त्याच वर्षी परभणीच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ‘वोपा’ या पुण्याच्या स्वयंसेवी संस्थेने जिल्हा परिषदेच्या सहकार्याने ‘व्ही-स्कूल’ हे मोफत मराठी ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ उभे केले. त्यातील पाठ तयार करण्यात शिक्षकांचाच सहभाग होता. त्यापूर्वी, सप्टेंबर २०१७ मध्ये, केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ व्यासपीठ सुरू झाले होते. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे छापील पान आणि त्या पानाशी संबंधित चित्रफीत यांची सांगड घातली गेली. पुढे १ डिसेंबर २०२३ पासून विद्यार्थ्यांची दैनंदिन उपस्थिती ‘स्विफ्टचॅट’ या अ‍ॅपमधील बॉटवर नोंदविण्याच्या सूचना राज्यातील शिक्षकांना मिळाल्या. नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुणही चॅटबॉटच्याच मार्गाने भरले जाऊ लागले.

या साऱ्या बॉटमध्ये एक समानता होती. त्यांनी काय बोलायचे, हे कोणीतरी अगोदर लिहून ठेवलेले होते. प्रश्न ठरलेले, पर्याय ठरलेले आणि उत्तरही ठरलेले. दुकानाच्या गल्ल्यावर बसविलेल्या मुलाला चार वाक्ये पाठ करून द्यावीत, तसा हा प्रकार. तो चुकीचे बोलत नाही, कारण तो स्वतःचे असे काहीच बोलत नाही. विद्यार्थ्याने ठरलेल्या चौकटीबाहेरचा प्रश्न विचारला की त्याची मर्यादा उघडी पडते.

नवे यंत्र कसे बोलते?

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आले आणि हे चित्र पालटले. या यंत्राच्या मुळाशी विशाल भाषा-प्रारूप असते. अफाट मजकुरावरून त्याला प्रशिक्षण दिलेले असते आणि समोर आलेल्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज ते सतत बांधत जाते. शब्दामागून शब्द जुळत जाऊन वाक्य आणि वाक्यांमधून उत्तर तयार होते. त्यामुळे कोणत्याही विषयावर, कोणत्याही शब्दांत विचारलेल्या प्रश्नाला ते ओघवते उत्तर देऊ शकते.

त्याची दुर्बळताही येथेच आहे. संभाव्य वाक्य आणि सत्य वाक्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या आत्मविश्वासाने हे यंत्र पायथागोरसचे प्रमेय सांगते, त्याच आत्मविश्वासाने ते अस्तित्वात नसलेला धडा किंवा चुकीचे सनही सांगू शकते. जाणकाराला ही चूक ओळखता येते. शिकणारा मात्र मुळात ती गोष्ट ठाऊक नसल्यामुळेच विचारत असतो. चूक पकडण्याचे साधन त्याच्याजवळ नसते.

यातील धोका साध्या हिशेबाने लक्षात येतो. समजा, एखाद्या यंत्राची शंभरातील पंच्याण्णव उत्तरे अचूक असतात. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गातील प्रत्येकाने रोज पाच प्रश्न विचारले तर दोनशे उत्तरे दिली जातील आणि त्यांपैकी दहा चुकीची असतील. वर्गात शिक्षकाकडून चूक झाली तर ती चाळीस जणांसमोर होते आणि कोणीतरी हात वर करते. यंत्राची चूक मात्र एका मुलाच्या मोबाईलवर होते आणि तिथेच राहते.

पाठ्यपुस्तकाला बांधलेले यंत्र

या अडचणीवर काढलेला एक व्यवहार्य मार्ग असा : यंत्राला मोकळे न सोडता ठरावीक पुस्तकांना बांधून ठेवायचे. अभ्यासक्रमातील पुस्तके आणि शिक्षकांच्या टिपणांचे लहान लहान तुकडे करून त्यांची एक सूची संगणकात तयार केली जाते. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की प्रणाली आधी त्या सूचीतून प्रश्नाशी निगडित उतारे शोधून काढते आणि ते भाषा-प्रारूपासमोर ठेवते. ‘या उताऱ्यांच्या आधारेच उत्तर दे, आधार सापडला नाही तर तसे स्पष्ट सांग,’ अशी सूचना सोबत दिलेली असते. उत्तराखाली पुस्तकाचे नाव आणि पानाचा क्रमांकही देता येतो. पुस्तक उघडून परीक्षा देण्यासारखी ही रचना आहे. तिने चुका पूर्णपणे थांबत नाहीत, पण कमी होतात. शिवाय विद्यार्थ्याला ते पान उघडून पडताळा घेता येतो. बालभारतीची स्थापना १९६७ साली झाली. राज्यभरातील मराठी शाळांना सामाईक असलेली तिची पाठ्यपुस्तके अशा बांधणीसाठी उत्तम पाया ठरू शकतात.

यंत्राने गप्प केव्हा राहावे, हे ठरविण्याचे एक जुने उदाहरण अमेरिकेत सापडते. जॉर्जिया टेक या संस्थेत प्राध्यापक अशोक गोयल हे कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम शिकवीत. सुमारे तीनशे विद्यार्थी एका सत्रात दहा हजारांच्या आसपास संदेश पाठवीत आणि साहाय्यक शिक्षकांना त्या सर्वांची उत्तरे देणे अशक्य होई. जानेवारी २०१६ मध्ये गोयल यांनी साहाय्यकांच्या गटात ‘जिल वॉटसन’ या नावाने एक यंत्र दाखल केले. वेळापत्रक, स्वाध्यायाचे स्वरूप, मुदत अशा वारंवार येणाऱ्या शंकांची उत्तरे ते देत असे. आपल्या उत्तराविषयी सत्त्याण्णव टक्के खात्री असेल तरच ते बोले. एरवी प्रश्न माणसाकडे जाई. सत्र संपत आल्यावर आपल्या साहाय्यकांपैकी एक यंत्र होते, हे विद्यार्थ्यांना सांगण्यात आले. विद्यार्थ्यांना अंधारात ठेवण्याचा भाग आज अनुकरणीय मानला जाणार नाही. समोर माणूस आहे की यंत्र, हे जाणण्याचा विद्यार्थ्याला अधिकार आहे. मात्र खात्री नसेल तेथे थांबणे आणि प्रश्न शिक्षकाकडे सोपविणे, हे तत्त्व आजही तितकेच खरे आहे.

तांत्रिकदृष्ट्या अशी जोडणी आता अवघड राहिलेली नाही. जगभरातील शिक्षणसंस्था वापरतात ती ‘मूडल’ ही मुक्त प्रणाली २००२ पासून उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या तिच्या ४.५ या आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवा जोडण्याची अंगभूत सोय करण्यात आली. म्हणजे एखाद्या लहान संस्थेलाही ही जोडणी थोडक्या श्रमात करता येईल. श्रम लागतात ते त्यानंतर.

उत्तर देणे आणि शिकविणे

आता मूळ प्रश्नाकडे वळावे लागते. यंत्राचे उत्तर अचूक असले तरी विद्यार्थी शिकला, असे म्हणता येईल काय? एक साधे उदाहरण घेऊ. कापसाचा भाव क्विंटलला सात हजार रुपये होता. तो वीस टक्क्यांनी वाढला आणि नंतर वीस टक्क्यांनी उतरला. तर भाव पूर्वीइतकाच झाला काय?

बहुतेक मुले प्रथम ‘होय’ म्हणतील. वीस वाढले, वीस गेले, हिशेब बरोबर. पहिल्या प्रकारचा चॅटबॉट तत्काळ सांगेल : वाढीनंतर ८४०० रुपये, घटीनंतर ६७२० रुपये, म्हणून भाव २८० रुपयांनी कमी. उत्तर अचूक आहे. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेईल आणि पुढच्या गणिताकडे वळेल. दुसऱ्या प्रकारचा चॅटबॉट विचारील, ‘वाढल्यानंतर भाव किती झाला?’ विद्यार्थी ८४०० लिहील. मग तो विचारील, ‘आता वीस टक्के काढायचे ते कशाचे? सात हजारांचे की ८४०० चे?’ या एका प्रश्नापाशी मूल थबकते. दर वेळी टक्केवारी ज्या रकमेवर काढायची ती रकमच बदललेली आहे, हे त्याला स्वतःला दिसते. पुढे चक्रवाढ व्याज शिकताना हीच समज कामी येते.

हा फरक किती मोठा असू शकतो, याचा अभ्यास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत केला. सुमारे एक हजार विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला गणिताच्या सरावासाठी साधा, मागितले ते देणारा चॅटबॉट मिळाला. दुसऱ्या गटाला शिक्षकांनी सुचविलेल्या मार्गदर्शनानुसार केवळ सूचक इशारे देणारा चॅटबॉट मिळाला. तिसऱ्या गटाजवळ नेहमीची पुस्तके आणि वह्या होत्या. सराव करताना पहिल्या गटाची कामगिरी तिसऱ्या गटापेक्षा ४८ टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटाची १२७ टक्क्यांनी सरस ठरली. नंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट तिसऱ्या गटाच्याही १७ टक्के मागे पडला. ज्यांनी चॅटबॉट कधी पाहिलाच नव्हता, त्यांनी त्यांना मागे टाकले. दुसऱ्या गटाची अशी हानी झाली नाही. परंतु सरावातील त्यांची मोठी आघाडीही परीक्षेत टिकली नाही. आपण कमी शिकलो आहोत, याची जाणीव पहिल्या गटातील विद्यार्थ्यांना झाली नव्हती, ही बाबही संशोधकांनी नोंदविली. हा अभ्यास २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

एका शाळेतील प्रयोगावरून सर्वत्र लागू होणारा नियम काढता येत नाही. तरीही त्यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. सरावातील गुण पाहून यंत्राचे यश मोजणे फसवे आहे. आणि यंत्राला आवर घातला तर नुकसान टळू शकते. प्रत्यक्ष लाभ व्हायचा तर त्याहून अधिक काही करावे लागते.

एकेकट्याला शिकविण्याचे मोल शिक्षणशास्त्राला जुनेच ठाऊक आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये लिहिले होते की, वैयक्तिक शिकवणी मिळालेला सर्वसाधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासकांना एवढा प्रचंड फरक आढळला नाही, पण शिकवणीचा फायदा होतो याविषयी दुमत नाही. चॅटबॉट म्हणजे प्रत्येकासाठी असा शिक्षक, हे स्वप्न त्यातूनच आले. खान अकादमीने मार्च २०२३ मध्ये ‘खानमिगो’ हा साहाय्यक आणला तो थेट उत्तर न देता प्रश्न विचारत नेणारा म्हणूनच. चांगला शिक्षक पुष्कळदा ठाऊक असलेले उत्तर ओठांवर अडवून धरतो. यंत्राला हा संयम सूचनेने शिकवावा लागतो. चतुर विद्यार्थी ‘मला फक्त उत्तर सांग’ असे चार वेळा बजावून ती सूचना मोडू पाहतात, हेही गृहीत धरावे लागते.

मराठी कोणती?

मराठवाड्यात शिक्षणाच्या भाषेचा प्रश्न नवा नाही. निजामी राजवटीत सरकारी माध्यमिक शिक्षणावर उर्दूचा वरचष्मा होता. १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी घरातील मुलाला आधी परकी लिपी आणि परकी परिभाषा यांच्याशी झगडावे लागे, मग विषयाशी. मातृभाषेतून शिकविण्याच्या ओढीतून त्या काळात मराठवाड्यात खासगी शाळा निघाल्या. सेलूचे नूतन विद्यालय हे त्याच निजामी काळातले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि पुढे मराठी शाळांचा विस्तार झाला.

आज तोच प्रश्न वेगळ्या रूपाने परत आला आहे. भाषा-प्रारूपांच्या प्रशिक्षणात इंग्रजी मजकुराचा वाटा सर्वांत मोठा असतो. मराठीचा वाटा त्या मानाने तुटपुंजा आहे आणि एकाच देवनागरी लिपीमुळे हिंदीची सावली मराठीवर सहज पडते. परिणामी यंत्र मराठीत बोलता बोलता ‘काटकोन’ऐवजी ‘समकोण’, ‘परिमिती’ऐवजी ‘परिमाप’ आणि ‘क्षेत्रफळ’ऐवजी ‘क्षेत्रफल’ लिहून जाऊ शकते. हिंदी पुस्तकातील ‘वृत्त’ म्हणजे वर्तुळ. मराठी मुलाच्या लेखी वृत्त म्हणजे बातमी किंवा कवितेचा छंद. परीक्षेत पाठ्यपुस्तकातील संज्ञा अपेक्षित असते. यंत्राशी संभाषण करून मुलाच्या वहीत दुसऱ्याच संज्ञा शिरल्या तर ती मदत म्हणता येणार नाही. इयत्तेनुसार पारिभाषिक शब्दांची सूची देऊन यंत्राला तीच वापरण्यास भाग पाडणे, हा यावरील उपाय आहे आणि तो मराठी शिक्षकांवाचून होणारा नाही.

दुसरी अडचण छपाईच्या इतिहासातून आली आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत जुळविला जाई. अशा फाइली पडद्यावर सुबक दिसतात, पण संगणकाला त्यांतील अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे वाचायला मिळतात. शिक्षकांची वर्षानुवर्षांची टिपणे आणि प्रश्नसंच याच स्वरूपात असतील तर ते आधी युनिकोडमध्ये आणावे लागतात. युनिकोडच्या रूढ साठवण पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागते, तर देवनागरी अक्षराला तीन. भाषा-प्रारूपे मजकुराचे जे तुकडे पाडतात, तेही इंग्रजीपेक्षा मराठीत सहसा अधिक पडतात आणि सेवेचे शुल्क याच तुकड्यांवर आकारले जाते. अलीकडच्या प्रारूपांत ही तफावत कमी होत असली तरी त्याच आशयासाठी मराठी संस्थेला अधिक खर्च येऊ शकतो.

मुले प्रत्यक्षात लिहितात कशी, हा आणखी वेगळा मुद्दा. मोबाईलवर पुष्कळ जण मराठी रोमन अक्षरांत लिहितात, शुद्धलेखनाचा विचार नसतो आणि अर्धे शब्द इंग्रजी असतात. बोलून विचारले तर त्यात मराठवाडी बोली येते. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये सुरू केलेला ‘भाषिणी’ प्रकल्प आणि मद्रास आयआयटीतील ‘एआयफॉरभारत’ या गटाचे काम यांमुळे भारतीय भाषांतील ध्वनी ओळखण्याची साधने उपलब्ध होत आहेत. महाराष्ट्राच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे अ‍ॅप आणले असून त्यात शेतकऱ्यांना मराठीतून प्रश्न विचारता येतात. शेताच्या बांधावर जे साधू लागले आहे, ते अभ्यासाच्या मेजावर साधणे अशक्य नाही. मात्र त्याची कसोटी मुलांच्या खऱ्या बोलण्यावर घ्यावी लागेल.

मोबाईल कोणाच्या हातात?

यंत्र कितीही चांगले असले तरी ते ज्या मोबाईलवर चालणार, तो विद्यार्थ्याच्या हाती किती वेळ असतो? ‘असर’च्या २०२४ सालच्या अहवालात ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो, असे सांगितले. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेली मुले ३६.२ टक्के आणि मुली २६.९ टक्के होत्या. घरातील एकच फोन वडिलांबरोबर शेतावर किंवा दुकानात जातो आणि रात्री परत येतो, तेव्हा मुलीच्या वाट्याला किती वेळ येईल, याचा अंदाज या आकड्यांवरून करता येतो. म्हणून कमी डेटा लागणारी, साध्या फोनवरही चालणारी आणि अर्धवट राहिलेले संभाषण दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे नेणारी रचना हवी. शाळेच्या संगणक कक्षात सायंकाळी एक तास मोकळा ठेवला, तर तोही मोठा आधार ठरेल.

विद्यार्थी यंत्राशी जे बोलतो, त्याची नोंद राहते. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती घ्यावी, त्याच्या वर्तनाचा माग ठेवू नये आणि त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, अशा तरतुदी कायद्यात आहेत. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची असून शिक्षणसंस्थांना मर्यादित कारणांसाठी काही सवलती आहेत. सवलत असली तरी विवेक सुटत नाही. चॅटबॉटला विद्यार्थ्याचे नाव, आधार क्रमांक वा घरचा पत्ता ठाऊक असण्याचे कारण नाही. इयत्ता आणि विषय एवढे त्याला पुरते.

अभ्यासाविषयी बोलता बोलता मूल मनातलेही बोलून जाते, ही शक्यता विसरता येत नाही. परीक्षेचे भय, घरची विवंचना किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा संभाषणात उमटली, तर यंत्राने समुपदेशकाचा आव आणू नये. अभ्यास बाजूला ठेवून त्याने ‘टेलिमानस’ या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा, जवळच्या मोठ्या माणसाशी बोलण्यास सांगावे आणि शाळेने ठरविलेल्या जबाबदार व्यक्तीकडे लगेच सूचना जावी, अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी. अशी सूचना जाऊ शकते, हे मुलांना आणि पालकांना अगोदर सांगितलेले असावे.

शिक्षकाचे काम कमी होईल काय?

चॅटबॉट बसविणारी संस्था बहुधा शिक्षकाचा वेळ वाचेल, अशी अपेक्षा बाळगून असते. आरंभी मात्र त्याचे काम वाढते. यंत्र मुलांपुढे ठेवण्यापूर्वी शिक्षकांनी खऱ्या शंकांचा संग्रह करावयास हवा. वर्गात दरवर्षी विचारले जाणारे दोनशे प्रश्न, मुले जसे विचारतात त्याच शब्दांत, यंत्राला घालावेत आणि प्रत्येक उत्तर तपासावे. कोठे चुकले, कोठे उत्तर फार लवकर देऊन टाकले, कोठे हिंदी संज्ञा शिरली, कोठे पुस्तकाबाहेर गेले, हे टिपून दुरुस्त्या कराव्यात. मग एका तुकडीवर काही आठवडे प्रयोग करावा आणि त्यानंतर यंत्राविना, कागदावर चाचणी घ्यावी. तिच्यातील गुणांची तुलना यंत्र न मिळालेल्या तुकडीशी करावी. तुर्कस्तानातील प्रयोगाचा धडा हाच आहे, आणि त्यासाठी कोणत्याही विद्यापीठाची मदत लागत नाही.

खरा लाभ कदाचित येथून सुरू होतो. समजा, चाळीस मुलांनी रात्री विचारलेल्या प्रश्नांचा निनावी गोषवारा सकाळी शिक्षकाच्या हाती पडला आणि त्यातील सतरा मुले टक्केवारीच्या त्याच एका पायरीवर अडली असल्याचे दिसले, तर त्या दिवशीच्या तासाची सुरुवात कोठून करायची, हे त्याला सांगावे लागणार नाही. वर्गात हात वर न करणारे, हसे होईल म्हणून गप्प बसणारे मूल यंत्राला तोच प्रश्न तीन वेळा विचारू शकते. त्याचा संकोच रात्री यंत्रापाशी सुटला आणि त्याची अडचण सकाळी शिक्षकापर्यंत पोहोचली, तर दोघांच्या मध्ये उभे राहिलेले हे यंत्र उपयोगी पडले, असे म्हणता येईल.

लातूरला जाणे ज्याला जमले नाही, त्या सेलूच्या विद्यार्थ्याला चॅटबॉटच्या रूपाने लातूर घरी आणून देता येईल, असा दावा कोणी करू नये. वर्गातील चुरस, सोबत्यांशी होणारी चर्चा आणि शिक्षकाचा धाक यांची जागा यंत्र घेऊ शकत नाही. मात्र रात्री नऊ वाजता ‘आता वीस टक्के कशाचे काढायचे?’ एवढा एक योग्य प्रश्न त्याने विचारला, तर ते मूल झोपण्यापूर्वी ते गणित स्वतः सोडवील. आणि त्याने प्रश्न न विचारता उत्तरच हाती ठेवले, तर मूल निर्धास्तपणे झोपेल. फसगत झाल्याचे त्याला परीक्षेच्या दिवशी कळेल. या दोहोंपैकी काय घडायचे, हे यंत्र बसविताना संस्था आणि शिक्षक घेतील त्या निर्णयांवर अवलंबून आहे.